दोन रेघांचा गज

“मामा, काडतुसांचं खोकं बदललं आणि माझा नेम गेला.”

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला तो असा. ती कलबुरगीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे (आमच्या घरात अजून गुलबर्गाच म्हणतात, २०१४ पासून जीभ वळवायचा प्रयत्न चालू आहे) आणि एनसीसीत आहे. तिथं त्यांना पॉइंट टू टूची रायफल देतात. २५ यार्डांवरून, पोटावर झोपून, पाच गोळ्या मारायच्या आणि पाच छिद्रं एकमेकांच्या किती जवळ पडली ते बघायचं. मध्यावर लागली की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी एका जागी लागली पाहिजेत. त्याला ग्रुपिंग म्हणतात.

तिनं दोन फोटो पाठवले. पहिल्या कागदावर पाचही छिद्रं दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली असती. दुसऱ्यावर ती एकाखाली एक, उभ्या ओळीत, चार बोटं लांब पसरली होती. मधल्या दिवसांत काय बदललं? रायफल तीच, जागा तीच, फक्त खोक्यावरचा लॉट नंबर वेगळा. “दारूच खराब असणार,” हा तिचा निकाल. पुरावा म्हणून तिनं चार-पाच व्हिडिओही पाठवले. “तू इंजिनीअर आहेस ना? बघ आणि सांग.”

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या बीईत दारूगोळा हा विषय नव्हता. पण शनिवार मोकळा होता, आणि भाचीनं विश्वासानं काही विचारण्याचे दिवस आता मोजकेच उरलेत, म्हणून बसलो.

व्हिडिओ अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचे होते. तिकडे उडालेल्या काडतुसाचं पितळी टरफल फेकत नाहीत. ते साफ करून त्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवतात आणि पुन्हा वापरतात. दारू डब्यांतून मिळते, प्रत्येक दारूला नाव नाही तर नंबर असतो, आणि आपल्या रायफलीला अमुकच दारू मानवते यावर ही माणसं अशी हुज्जत घालतात की मला आमच्याकडची काळ्या मसाल्यावरची भांडणं आठवली. वजन ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. आपल्या सोनाराची गुंज त्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. आणि ही मंडळी ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलून दारू भरतात! मग एका मापाची पाच काडतुसं उडवायची, प्रत्येक गोळीचा वेग यंत्रावर नोंदवायचा, वहीत लिहायचं, माप किंचित बदलायचं, पुन्हा पाच. एका रायफलीसाठी महिना महिना हा उद्योग चालतो.

वेग मोजायचं हे वेड जुनं आहे. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजानं टांगलेल्या जड ठोकळ्यात गोळी मारून तो किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढायची रीत छापली. अकरावीच्या भौतिकशास्त्रात आपण सगळ्यांनी ते गणित सोडवलंय, निदान पाठ तरी केलंय. त्याआधी दारू चांगली की वाईट हे माणसं नुसत्या जोरावर ठरवत.

मला गंमत वाटली ती अशी की या अमेरिकन वहीवाल्यांना सगळ्यांत जोरदार दारू नकोच असते. त्यांना हवी असते दर वेळी तेवढाच जोर देणारी. हे मला लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यातही तेच आहे. सर्व्हर नव्व्याण्णव वेळा १०० मिलिसेकंदांत उत्तर देतो आणि शंभराव्या वेळी दहा सेकंद घेतो. सरासरी काढली तर जवळपास २०० मिलिसेकंद भरते आणि मॅनेजर खूश होतो. पण तो शंभरावा माणूस आपलं ॲप काढून टाकतो. सरासरी नव्हे, तफावत बघायची असते.

इथं एक सांगून ठेवतो, कारण हा अंक मुलंही वाचतात. आपल्याकडे हे घरी करायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो, जवळ बंदुकीचा परवाना आहे एवढ्यानं भागत नाही. आणि भाचीच्या रायफलीचं काडतूस तर कुठल्याही देशात पुन्हा भरता येत नाही. त्याला वेगळी टोपी नसतेच. ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोडा त्या कडेवर आपटून ती चेपते. एकदा उडालं की संपलं.

मग पॉइंट टू टूवर ऑलिंपिक खेळणारे काय करतात? ते काडतूस भरत नाहीत, निवडतात. कारखान्यात एकाच दारूची, एकाच यंत्रावरची, पण वेगवेगळ्या दिवशी भरलेली काडतुसं वेगवेगळ्या लॉटमध्ये येतात. इंग्लंड-जर्मनीतल्या बड्या कंपन्यांकडे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंजात घट्ट बसवतात, म्हणजे माणसाचा हात, डोळा, श्वास सगळं बाजूला, आणि एकेका लॉटच्या गोळ्या मारून बघतात. ज्या लॉटची छिद्रं सगळ्यांत दाट पडतील तो लॉट खरेदी. दुसऱ्याच्या रायफलीला तोच लॉट मानवेल असंही नाही.

म्हणजे भाचीचा संशय अगदीच वेडगळ नव्हता. लॉट बदलला की फरक पडू शकतो.

हवामानाचाही पडतो. दारू गरम असेल तर ती जास्त जोरात जळते. यात आपल्या देशाचा एक किस्सा आहे. १८८९ मध्ये इंग्रजांनी कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू काढली. दिसायला शेवयांसारखी, लांब लांब काड्यांची, आणि काडतुसात तिची जुडी बसवायची. इंग्लंडच्या थंडीत ठरवलेलं माप हिंदुस्थानच्या उन्हात तापलं की नळीतला दाब धोक्याच्या बाजूला सरकायचा. म्हणून शिकारी रायफलींसाठी तिकडचे कारखाने उष्ण मुलखाकरता मुद्दाम कमी दारूची काडतुसं भरू लागले. विलायतेतली दारू कलबुरगीच्या मे महिन्यासाठी कमी करावी लागली, हे वाचून मला उगाच जरा अभिमान वाटला. मी भाचीला फोन करून विचारलं, “खोकं उन्हात होतं का?” म्हणाली, “नाही, सावलीत.”

मग कागद घेतला. या गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. समजा खराब लॉटमधली एखादी गोळी १० मीटरनं हळू निघाली. ती लक्ष्यापर्यंत पोचायला किंचित जास्त वेळ घेईल, आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला किंचित जास्त खाली ओढेल. हवेचा अडथळा सोडून दिला तर ५० मीटरवर हा फरक येतो सात मिलिमीटर. सात मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळच मुळी १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये याच अंतरावर ४५१.४ गुण करून कांस्यपदक घेतलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. त्या पातळीवर दशांश गुणासाठी झगडा असतो, आणि तिथं सात मिलिमीटर म्हणजे पाऊण गुणाच्या वर.

पण भाची मारत होती २५ यार्डांवरून, म्हणजे २३ मीटरही नाही. तिथं हाच फरक दीड मिलिमीटरचा. लॉट महाभयंकर आहे, गोळी ३० मीटरनं हळू गेली, असं धरलं तरी अर्धा सेंटिमीटर. आणि तिची छिद्रं चार बोटं पसरलेली.

दारू निर्दोष होती.

उभी ओळ पडण्याचं दुसरं नेहमीचं कारण श्वास. पोटावर झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते, तसं रायफलीचं तोंड खालीवर होतं. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि मग चाप ओढायचा, हे तिला पहिल्या दिवशी शिकवलेलं असणार. मी हे सगळं आकडेमोडीसकट पाठवलं. दोन तास निळ्या खुणा दिसत राहिल्या, उत्तर नाही. मग रात्री फोन. आवाज पडलेला.

“त्या दिवशी कॅम्पसाठी निवड होती मामा. आणि शेजारची मुलगी सारखी बोलत होती. मी तिला गप्प बस म्हणाले नाही.”

यावर काहीतरी शहाणपणाचं बोलायची मामाची पाळी होती. मला बोलता आलं नाही. कारण कोणी नेम धरत असताना शेजारी बोलणारा मुलगा मी स्वतः होतो. ही गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली आणि आता तुम्हालाही सांगतो.

आमचं मूळ गाव भालकी तालुक्यात. हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच बिदर जिल्ह्यातलं उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. त्यामुळे आमची निम्मी सोयरीक पलीकडे. आबा, म्हणजे माझे आजोबा, माली पाटलांच्या घरातले. पाटीलकी गेली पण एक ठासणीची बंदूक घरात राहिली होती, पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली. आपल्या कायद्यात आजही पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तूर भरात आली की रात्री रानडुकरं यायची आणि आबा हवेत बार काढायचे.

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं. प्रत्येक बार माणूस आपल्या हातानं भरतो. म्हणजे अमेरिकेतले लोक जे टेबलावर, दिव्याखाली, काट्यावर तोलून करतात, ते आबा धुऱ्यावर उभं राहून करायचे. त्यांची दारू परवान्यावर आणलेली, बैलाच्या शिंगात भरलेली. ते शिंग माळवदातल्या खुंटीला, चुलीपासून लांब टांगलेलं. शिंगातून थेट नळीत दारू कधीच ओतायची नाही. आधी पितळेच्या नळकांड्यात, ते काठोकाठ, त्यावरून बोट फिरवून वरची दारू सारखी करायची, आणि मग नळीत. त्यावर चिंधी, गोळी, आणि लाकडी गजानं ठासायचं. ठासणंसुद्धा मोजून. गज नळीत सोडून तीनदा, सारख्याच जोरानं.

त्या गजावर दोन रेघा कोरलेल्या होत्या. नळी रिकामी असताना गज आत टाकला की पहिली रेघ बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. बार नीट भरलेला असला की गज तेवढा वर राहायचा आणि दुसरी रेघ तोंडाशी यायची. आत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही सोय. आम्ही आज ज्याला टेस्ट केस म्हणतो ती हीच, फक्त ती शिसवी लाकडाची होती.

आणि एक नियम होता. आबा बार भरताना कोणी बोलायचं नाही.

१९९८ चा दसरा. मी नऊ वर्षांचा. खंडेनवमीला बंदुकीची पूजा झालेली, तिला झेंडूची माळ. दसऱ्याला शिलंगणाला गाव शिवेवर जायचं, तिथं दगडावर मडकं ठेवलेलं असायचं आणि आबा एका बारात ते फोडायचे. (आज हे केलं तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सणासमारंभातल्या गोळीबाराला शिक्षा आहे, आणि ते बरंच झालं.) आबांचा नेम पंचक्रोशीत माहीत होता. त्या वर्षी पाहुणेही जास्त होते, कारण आत्याचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडची माणसं निलंग्याहून आली होती.

आबांनी नळकांडं भरलं, बोट फिरवलं, नळीत ओतलं. मी त्यांच्या धोतराजवळ उभा. माझ्या डोक्यात सकाळपासून एक प्रश्न होता आणि तो नेमका तेव्हाच बाहेर पडला.

“आबा, ही दारू आणि ती प्यायची दारू एकच का?”

आबांनी मान वर केली. “काय इचारायलास?” म्हणाले. मग, “मागून सांगतो.” आणि पुन्हा शिंगाकडे हात गेला. चिंधी, गोळी, गज. तीनदा ठासलं. गज तसाच राहिला आणि आबा त्याच्याकडे बघत थांबले.

दुसरी रेघ नळीच्या तोंडाशी नव्हती. ती दोन बोटं वर होती.

शंभरेक माणसं उभी होती. हलगी थांबली. कोणीतरी म्हणालं, “पाटील, होऊ द्या.” आबांनी गज काढला, पुन्हा आत सोडला, पुन्हा बघितलं. मग बंदुकीचं तोंड आभाळाकडे धरून ते म्हणाले, “आज बार नाही.”

मागून कोणीतरी हसत ओरडलं, “पाटलाचा बार फुसका!” आणि मग सगळेच हसले. वाईट नव्हतं त्यांच्या मनात, सणाचा दिवस होता. मडकं पोरांनी दगड मारून फोडलं. मुलाकडच्या पाहुण्यांपैकी एक आजोबा काकांना म्हणाले की वय झालं की हात असाच चळतो. काका मान खाली घालून ऐकत राहिले. आबा एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे बोट दाखवलं नाही. घरी येऊन त्यांनी नळीत पाणी ओतलं, बंदूक रात्रभर अंगणाच्या कोपऱ्यात कोणी जाणार नाही अशी उभी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तार घालून एकेक चिंधी, गोळी, चिखल झालेली दारू बाहेर काढली. दुप्पट होती. ती उडवली असती तर कदाचित काहीच झालं नसतं, गोळी मडक्यावरून गेली असती एवढंच. किंवा जुनी नळी फाटली असती, आणि तिच्यापासून माझं डोकं हातभर अंतरावर होतं.

त्या रात्री आबांनी मला जवळ बोलावलं. मी रडण्याच्या तयारीत. ते म्हणाले, “हां, दुपारी काय इचारत होतास?”

आणि त्यांनी खरंच उत्तर दिलं. आबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे फारसी शब्द त्यांना चांगले यायचे. दारू म्हणजे मूळ फारसीत औषध, म्हणाले. म्हणून तर आपण दवादारू म्हणतो. एका औषधानं माणूस झिंगतो, दुसऱ्यानं बंदूक. खूप वर्षांनी मला कळलं की चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूचं नाव ‘अग्नी-औषध’ असंच आहे, आणि ज्यांनी ती शोधली ते खरोखरच औषधं घोटणारे होते. तेव्हा आबांना फोन करावासा वाटला होता.

मग कंदील घेऊन ते मला न्हाणीच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेले. तिथं ओलीवर पांढरी बुरशीसारखी पूड आली होती. लोणा. आई त्याला वैतागायची, कारण त्यानं भिंत झडते. “ह्याच्यात सोरा असतो,” आबा म्हणाले. “कोळसा आणि गंधक थोडं. दारूत जास्त हाच.” जनावरांचं मूत, शेण, जुनी माती, यांतले जिवाणू वर्षानुवर्षं काम करतात आणि मातीत तो क्षार साठतो, हे रसायनशास्त्र मला कॉलेजात कळलं. नऊ वर्षांच्या मुलाला एवढंच समजलं की आपल्या न्हाणीच्या भिंतीत तोफ आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला बिदरला नेलं. बिदरी कामाची दुकानं दाखवली. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेलं भांडं, त्यात चांदीची तार ठोकलेली, आणि शेवटी ते काळंभोर करायला नवसागर आणि किल्ल्यातल्या जुन्या, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती. भांडं काळं होतं, चांदी पांढरीच राहते. कारागीर माती जिभेवर ठेवून पारखतात. आबा म्हणाले, ही त्याच लोण्याची बहीण. (लोणा, लोणी नव्हे. मी तेव्हा हसलो होतो.)

तिथून महमूद गवानच्या मदरशाकडे. १४७२ च्या सुमाराला बांधलेली ती इमारत तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असेल. निळ्या-हिरव्या फरशांचा एक मनोरा उभा आहे, दुसरा नाही, आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा गायब. मी विचारलं, कोणी पाडलं? लढाईत पडलं असणार, असं माझ्या मनात होतं. आबा म्हणाले, “दारूनं.” बिदर मोगलांच्या हातात गेल्यावर या विद्येच्या घरात त्यांनी दारूचं कोठार केलं, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीला त्यावर वीज पडली.

बिदर मोगलांच्या हातात गेलं तेही दारूनंच. मार्च १६५७, औरंगजेबाचा वेढा, किल्लेदार सिद्दी मर्जान. म्हातारा माणूस, नेटानं लढवत होता. सत्तावीस दिवस किल्ला टिकला. हल्ल्याच्या वेळी एक बाण, म्हणजे त्या काळचं रॉकेट, बुरुजामागच्या दारूच्या साठ्यात पडला. मर्जान आणि त्याची मुलं भाजली, मर्जान त्यात गेला आणि किल्ला पडला. किल्ल्यात शिल्लक राहिलेली दारू आणि तोफा विजेत्यांनी मोजून घेतल्या, २३० तोफा.

आबा हे सगळं किल्ल्याच्या तटावर बसून, पिशवीतली भाकरी सोडत सांगत होते. मी मध्येच विचारलं, “आबा, माझ्यामुळं तुमचं माप चुकलं ना?” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाले, “ओतणारा मी होतो.” आणि पुढचं सांगायला लागले, कलबुरगीच्या किल्ल्यावरच्या २९ फुटी तोफेबद्दल. ती कधी नेमावर लागली असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

आबा २०१६ मध्ये गेले. बंदूक नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केली. काकांनी वारस म्हणून परवाना मागायचा की नाही यावर घरात चार दिवस चर्चा झाली आणि नको असं ठरलं. रानडुकरं आता कुंपणातल्या झटक्याला आणि भोंग्याला घाबरतात, किंवा घाबरत नाहीत. गज मात्र घरीच राहिला. तो आबांनी स्वतः बनवलेला होता, बंदुकीसोबत आलेला लोखंडी वेगळा होता. काकांनी तो बैठकीत खुंटीवर ठेवलाय, खाली शिंग, तेही रिकामं.

भाचीनं गोष्ट ऐकून घेतली. मग विचारलं, “म्हणजे घरात कोणालाच माहीत नाही?”

नाही. दर दसऱ्याला जेवताना तो विषय निघतो. काका अजून म्हणतात की त्या वर्षी पहिल्यांदा आबांचा हात चळला, तिथून त्यांचं म्हातारपण सुरू झालं. आत्याही तेच म्हणते. तिच्या सासरचे तर तो किस्सा हसत सांगतात. आबांनी त्यानंतर शिलंगणाला बंदूक नेली नाही आणि लोकांनी त्याचाही तोच अर्थ लावला. सत्तावीस वर्षं मी त्या ताटावर बसून पुरणपोळी खात आलोय.

काका हा अंक वाचतात, चष्मा लावून, मोबाइल लांब धरून. काका, आबांचा हात चळला नव्हता. मी बोललो होतो. गज खुंटीवरून काढून बघा, दुसऱ्या रेघेच्या वर दोन बोटांवर नखाएवढी एक खूण आहे. ती आबांनी त्या रात्री केली होती, आणि कशासाठी ते फक्त मला माहीत होतं.